अधिस्वीकृतीचं कार्ड नाही? मग काय झालं!

रत्नागिरी-सिंधुदुर्गात ऊर्जा आणि पर्यावरणावर लिहिणाऱ्या मुक्त पत्रकारांना हमखास ऐकवलं जातं: अधिस्वीकृतीचं (सरकारमान्य पत्रकाराचं) कार्ड नसेल तर प्रकल्पाचे कागद मिळत नाहीत. साफ चूक. माहिती अधिकार कायदा, 2005 हा हक्क नागरिकाला देतो. कलम 6(2) नुसार कारणही विचारता येत नाही. म्हणून अर्ज संपादकाच्या लेटरहेडवर नको, स्वतःच्या नावाने करा.

अर्ज अडतात ते भलत्याच कारणांनी. राज्याच्या कार्यालयांत 150 शब्द आणि एकच विषय अशी मर्यादा आहे. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राबद्दल ‘प्रदूषण का थांबत नाही?’ असं विचारलंत तर हाती भोपळा. ‘जून ते ऑगस्ट 2024 मधल्या नमुन्यांचे तपासणी अहवाल, सीओडीच्या (पाण्यातल्या प्रदूषणाचं एक माप) आकड्यांसह’ असं मागा. दप्तरात असेल तेच मिळतं. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाचं प्रकरण वेगळं: अणुऊर्जा महामंडळ केंद्राचं, तिथे मर्यादा 500 शब्दांची, आणि 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही (पोस्टल ऑर्डर जोडा, बरेचजण इथेच फसतात). 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. पर्यावरण मंजुरीचे सहामाही अनुपालन अहवाल (अटी पाळल्या की नाही ते सांगणारे) तर मुळातच सार्वजनिक असतात. त्यांच्यासाठी आधी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं परिवेश पोर्टल चाळा.