ऑटोमॅटिक गाडी चालू होईना? ढकलू नका, आधी कान द्या

जुनी ऑटोमॅटिक गाडी वापरणाऱ्या आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

गाडी रस्त्यात बंद पडली की माणसं न बोलावता गोळा होतात आणि पहिला सल्ला मिळतो, "ढकला की!" मॅन्युअल गाडीत दुसरा गिअर टाकून क्लच सोडला की चाकंच इंजिनाला फिरवतात, त्यामुळे तिथं तो सल्ला बरोबर आहे. ऑटोमॅटिकमध्ये ती वाटच बंद असते. गिअरबॉक्समधल्या क्लचप्लेटा तेलाच्या दाबावर धरतात, तो दाब देणारा पंप इंजिनावर फिरतो, आणि इंजिन तर बंद आहे. ताराराणी चौकातून शिरोलीपर्यंत ढकलत नेलीत तरी ती पेटणार नाही. (एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचाच क्लच आपोआप दाबणाऱ्या गाडीची बांधणी वेगळी असते, पण तीही ढकलू नका.)

टोचन लावून ओढण्याचंही तसंच. पंप बंद असला की आत तेल फिरत नाही आणि चाकांबरोबर गिअरबॉक्स कोरडा फिरतो. सेल्फच्या (इंजिनाला पहिला फेरा देणाऱ्या मोटरच्या) छोट्या कामापायी गिअरबॉक्स खोलायची वेळ येते. गाडी हलवायचीच असेल तर ती फ्लॅटबेडवर चढवा. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर निदान पुढची चाकं उचलून न्या.

आता चावी फिरवा आणि ऐका

हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, लिव्हर 'पी'मध्ये आहे का ते बघा. हेडलाइट लावून चावी फिरवा.

हेडलाइट मंद होऊन विझायला आले आणि 'कट-कट-कट' असा आवाज आला, तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते नाहीतर टर्मिनल खराब असतं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर ते काढून घासून घट्ट बसवा. आमच्याकडं 'बॅटरी गेली' म्हणून आलेल्या गाड्यांत निव्वळ ढिलं टर्मिनल निघाल्याची उदाहरणं कमी नाहीत. व्होल्ट मोजायचं मीटर असेल तर आकडे असे: रात्रभर उभ्या गाडीत चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे निम्मी उतरलेली. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली गेला तर एकदा चार्ज करून पुन्हा बघावं. पुन्हा तेच झालं तर बॅटरी बदला. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 आला पाहिजे. तेवढा येत नसेल तर दोष अल्टरनेटरकडचा आहे आणि नवी बॅटरीही आठवड्यात झोपेल.

हेडलाइट लख्ख आहेत आणि एकच मोठा 'टक' आला, पण इंजिन हललं नाही, तर सेल्फ किंवा त्याच्या जाड वायरीकडं संशय जातो. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टीही तितकीच संशयित. कोल्हापूरच्या पावसात ती गंजते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

हेडलाइट लख्ख, आवाज काहीच नाही. ऑटोमॅटिकमधला खरा घोळ इथं असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लिव्हर 'पी' किंवा 'एन'मध्ये असल्याशिवाय सेल्फ फिरू नये म्हणून गिअरबॉक्सवर एक स्विच असतो. त्याला न्यूट्रल स्विच किंवा इनहिबिटर स्विच म्हणतात. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत त्याच्या आतले पॉइंट झिजतात, पाणी शिरतं, किंवा लिव्हरची केबल सैल होऊन स्विच किंचित बाजूला राहतो. लिव्हर 'पी'मध्ये आहे असं तुम्हाला दिसतं, पण स्विचला ते कळत नाही. सेल्फ, बॅटरी, रिले सगळं ठीक असूनही गाडी मुकी राहते.

तपासायला हत्यार लागत नाही. ब्रेक घट्ट दाबून लिव्हर 'एन'मध्ये आणा आणि चावी फिरवा. चालू झाली तर स्विच किंवा केबलच. नाही झाली तर चावी धरून ठेवून लिव्हर 'एन'मध्येच थोडी पुढं-मागं हलवा, ब्रेकवरचा पाय मात्र काढू नका. दुसरी खूण म्हणजे 'आर'मध्ये टाकल्यावर मागचा पांढरा दिवा लागत नाही किंवा स्टिअरिंगसमोरच्या मीटरमध्ये गिअरचं अक्षर उमटत नाही. बऱ्याच गाड्यांत ही कामं तोच स्विच करतो. बटण दाबून चालू होणाऱ्या गाडीत ब्रेकलाइटही बघून घ्या. ब्रेकचा स्विच गेला असेल तर बटणाला दाद मिळत नाही.

न्यूट्रल स्विच गेलाय म्हणून तो डायरेक्ट करून द्या, म्हणजे स्विच टाळून वायरी थेट जोडा, अशी मागणी कधी कधी येते. आम्ही ते करत नाही. डायरेक्ट केलेली गाडी 'डी'मध्येही चालू होते आणि समोर जो असेल त्याच्या अंगावर जाते.

सेल्फ फिरतोय, पण इंजिन पेटत नाही

इथं ऑटोमॅटिक आणि मॅन्युअल सारख्याच. चावी 'ऑन'वर आणल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक घूं आवाज यायला हवा, तो पेट्रोल पंप. आला नाही तर आधी फ्यूज आणि रिले बघा. सीएनजीवाल्यांनी टाकीत पेट्रोल कायम थोडंफार ठेवावं. पंप पेट्रोलनंच थंड राहतो, कोरड्या टाकीत तो जळतो. स्टिअरिंगसमोरच्या मीटरवर चावीचं चित्र लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) चावी ओळखत नाही, घरातली दुसरी चावी लावून बघा. सकाळी छान चालू होते, गरम झाल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासानं आपोआप चालू होते, अशी तक्रार असेल तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ओळखणारा) किंवा रिलेमधला उचकटलेला सोल्डरचा टाका. अशी गाडी गरम असतानाच दाखवायला आणा, थंड झाल्यावर दोष सापडत नाही. उसाच्या रानाजवळ गाडी लागत असेल तर बॉनेट उघडून वायरी बघाच, उंदीर एका रात्रीत काम उरकतात.

सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये मिनिटभर थांबा.

गाडीत पुराचं पाणी शिरलं असेल तर यातलं काहीच करू नका. पाण्यातून काढलेल्या गाडीचा 'बघू चालू होते का' म्हणून सेल्फ मारल्यानं कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, कारण सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही. चावीला हात न लावता बॅटरीची काळी वायर सोडा. गिअरबॉक्सचं तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी आहे.

लिव्हर 'पी'मध्ये अडकली आणि गाडी ट्रकवर चढवायची आहे

बॅटरी पूर्ण उतरली की बऱ्याच गाड्यांत लिव्हर 'पी'मधून सुटतच नाही, मग जोर लावून तोडली जाते. लिव्हरशेजारी एक छोटी झाकणी किंवा 'शिफ्ट लॉक' लिहिलेली खाच असते. हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, त्या खाचेत चावीचं टोक किंवा बारीक पेचकस दाबा आणि लिव्हर 'एन'मध्ये आणा. उतारावर हे एकट्यानं करू नका.

फोन करताना इतकं सांगा: आवाज आला का आणि कसा, हेडलाइट मंद झाले का, 'एन'मध्ये करून बघितलं का, गाडी थंड होती की गरम, आणि इंधनाचा काटा कुठं आहे. एवढं कळलं की गॅरेजचा मुलगा निघताना बॅटरी घ्यायची की मीटर, हे ठरवता येतं. तपासणीचे पैसे आम्ही वेगळे घेतो आणि मोजल्याशिवाय पार्ट बदलत नाही. बदललेला जुना पार्ट तुमच्या डिकीत ठेवून देतो.