श्रवणकक्षातील विद्युत वायरिंग

श्रवणकक्ष म्हणजे घरात गाणे नीट ऐकण्यासाठी राखलेली खोली. तिथल्या ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेयर वगैरे उपकरणांना सुरक्षित वीज मिळावी आणि विजेची घरघर स्पीकरमध्ये उतरू नये, यासाठी वेगळी वायरिंग करतात. चर्चा वायरच्या जाडीची फार होते. त्रास बहुतेक वेळा अर्थिंगमधून येतो.

भारतात घरगुती वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्‌झची असते. श्रवणकक्षासाठी डीबीपासून (घरातल्या सर्व सर्किटांना वीज वाटणाऱ्या पेटीपासून) स्वतंत्र सर्किट ओढावे: त्याचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) वेगळा, आणि फेज, न्यूट्रल, अर्थ या तिन्ही वायरी मध्ये कुठेही जोड न देता थेट आणलेल्या. तांब्याची अडीचची वायर (2.5 चौरस मिलिमीटर) बहुतेक घरांना पुरते. डीबी 15 मीटरवर असली, तरी जाऊन-येऊन तिचा रोध पाव ओहमच्या आत राहतो. 5 अँपियर खेचले तरी सव्वा व्होल्टही पडत नाही. चारची वायर घातल्यास त्यातला अर्धा व्होल्टही वाचत नाही. भिंतीत साधी वायर असताना शेवटच्या दीड मीटरला महागडी पॉवर केबल लावणे हा माझ्या मते निव्वळ पैशाचा अपव्यय आहे.

घरघरीचे नेहमीचे कारण म्हणजे ग्राउंड लूप. दोन उपकरणांना दोन वाटांनी अर्थ मिळाला, की त्या दोन अर्थांतील किंचित फरकामुळे सिग्नल केबलच्या तारेभोवतीच्या धातूच्या जाळीतून प्रवाह वाहतो आणि 50, 100, 150 हर्ट्‌झचे सूर ऐकू येतात. तानपुऱ्यावर हे फार जाचते. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची मंद्र पंचमाची तार साधारण 104 हर्ट्‌झवर असते. 100 हर्ट्‌झची घरघर तिच्या जेमतेम खाली बसते आणि सेकंदाला चारेक हेलकावे देत राहते. जवारी (तारेचा घोडीवर घासून येणारा भरदार झंकार) कितीही सुरेख असो, कान तिकडेच ओढला जातो.

दोष शोधायला सिग्नलच्या केबली एकेक काढून पाहाव्यात. सेट-टॉप बॉक्सची डिशकडून येणारी केबल काढताच घरघर थांबली, तर दुसरा अर्थ तिथून येतो आहे. मग सेट-टॉप बॉक्सपासून ॲम्प्लिफायरला जाणाऱ्या ऑडिओ केबलवर आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन अर्थची वाट तोडणारे साधन) बसवतात. सगळी उपकरणे एकाच बोर्डावर, एकाच अर्थला जोडली तर ही वेळ सहसा येत नाही. प्लगची अर्थ पिन कापून घरघर घालवण्याची युक्ती जिवावर बेतू शकते: आत फेज सुटून पत्र्याला लागली, तर ॲम्प्लिफायरची पेटीच झटका देते. अर्थ शाबूत हवा आणि सर्किटवर 30 मिलिअँपियरचा आरसीसीबीही (वीज गळू लागताच सर्किट तोडणारा स्विच) हवा.

थ्री-फेज जोडणी असेल तर सारा संच एकाच फेजवर ठेवावा. दोन फेजमध्ये सुमारे 400 व्होल्टचा फरक असतो. दिव्यांचे डिमर आणि पंख्याचे सलग फिरणारे रेग्युलेटर चर्रर्र असा आवाज सोडतात, म्हणून ते दुसऱ्या सर्किटवर घ्यावेत. स्पीकरच्या वायरी विजेच्या पाइपातून नेऊ नयेत. दोन्ही एकमेकींना ओलांडणारच असतील तर काटकोनात ओलांडू द्याव्यात. भिंत फोडलेलीच असताना एक रिकामा पाइप टाकून ठेवला, तर पुढे प्लास्टर पुन्हा फोडावे लागत नाही. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.