पहाटे चारची पेंग, सकाळी नऊची तरतरी

दवाखान्यात आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढलेल्यांना हा अनुभव असेल. पहाटे चारला डोळे उघडे ठेवणं अशक्य होतं. सकाळी नऊला मात्र बरीच हुशारी वाटते. मधल्या वेळात डुलकीसुद्धा लागलेली नसते. मग ही तरतरी आली कुठून?

'झोप येते' असं म्हणताना आपण दोन निराळ्या गोष्टी एकत्र करतो: झोपेची ओढ आणि शरीराचं घड्याळ. झोपेचं शास्त्र या दोघांच्या मेळातून मांडलं ते झ्युरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी, १९८२ मध्ये.

ओढ चोख हिशोब ठेवते. जितके तास जागे, तितकी ती वाढते. झोपलं की उतरते. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं, हे तिचं एक मोठं कारण. चहा-कॉफीतलं कॅफीन अॅडेनोसिनच्या जागा अडवून बसतं. म्हणजे चहाने झोपेची उधारी फिटत नाही, तगादा तेवढा थांबतो. आणि वामकुक्षी पाच वाजेपर्यंत लांबली की ओढ आधीच उतरते, मग रात्री छताकडे बघत पडावं लागतं.

घड्याळाला तुमच्या जागरणाशी देणंघेणं नसतं. डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर सुमारे २० हजार पेशींचा पुंजका आहे, तेच हे घड्याळ. त्याचा फेरा २४ तासांहून किंचित मोठा असतो. रोजचा उजेड त्याला वेळेवर आणतो. दिवसभर ओढ वाढत असताना घड्याळ जागेपणाचा रेटा देत राहतं, आणि गंमत म्हणजे हा रेटा नेहमीच्या झोपेआधी दोन-तीन तास सगळ्यात जास्त असतो. पहाटेची गाडी पकडायची म्हणून आठलाच आडवं झालं, तर कूस बदलण्यातच वेळ जातो तो यामुळे. रात्री रेटा ओसरतो, पहाटे तळ गाठतो, उजाडताना पुन्हा चढू लागतो.

हा पुंजका नष्ट केलेल्या उंदरांची झोप दिवसरात्र तुकड्यातुकड्यांत विखुरली, पण जागं ठेवल्यावर ती भरून काढणं त्यांनी सोडलं नाही. घड्याळ गेलं, ओढ राहिली.

म्हणूनच रात्रपाळीवाल्याला 'दिवसा आठ तास झोप, म्हणजे झालं' हा सल्ला मला अपुरा वाटतो. आठ तास मिळायला हवेत हे खरंच, पण घड्याळ त्याला दुपारी उठवायला बघतं. खोली गडद अंधारी केली तर थोडी मदत होते.

नऊची तरतरी घड्याळाची असते. ओढ चारपेक्षा वाढलेलीच असते, आणि सिग्नलला दोन मिनिटं थांबलं तरी डोळा लागू शकतो. रात्रपाळीहून घरी निघताना स्वतः गाडी चालवू नये, बस धरावी; ते जमत नसेल तर आधी तिथेच वीस मिनिटं झोप काढावी.