पाणी धक्का लगेच विसरत नाही

'पाण्याला स्मृती असते, मंत्र म्हटला की रेणू तो लक्षात ठेवतात' हा मजकूर परवा पुन्हा मोबाइलवर आला. द्रव पाण्यात रेणूंमधले हायड्रोजन बंध सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास तुटतात आणि नवे जुळतात. तिथे मंत्र टिकणार कुठे? वाईट याचं वाटतं, की पाण्याला एक खरी आठवण आहे आणि ती कुणीच सांगत नाही. ती आठवण धक्क्याची आहे.

1827 साली वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनने परागकणांतून निघालेले बारीक कण पाण्यात सतत हलताना पाहिले. 1905 मध्ये आइन्स्टाइनने त्याचं गणित मांडलं: चहूबाजूंनी रेणू आदळतात, कण वेडावाकडा भटकतो. 1908 मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लांजव्हँने त्यात पाण्याचा विरोध धरला. या हिशेबात कणाचा वेग ठरावीक काळाला ठरावीक हिस्सा असा झपाट्याने विसरला जातो.

आता कमरेएवढ्या पाण्यातून भराभर चाला आणि एकदम थांबा. मागून पाणी येऊन पाठीला रेटा देतं. कणाचंही असंच होतं. त्याचा वेग गेला म्हणजे संवेग (वस्तुमान गुणिले वेग) शेजारच्या पाण्याकडे गेला; संवेग नष्ट होत नाही. पुढचं पाणी बाजूला सरतं, वळसा घालून मागे येतं आणि कणाभोवती कंकणासारखा भोवरा तयार होतो. तोच कणाला मूळ दिशेने ढकलत राहतो.

किती वेळ? पाण्यात संवेग सेकंदाभरात साधारण 1 मिलिमीटर पसरतो, चौपट काळात दुप्पट अंतर. अंतर दुप्पट म्हणजे घनफळ आठपट. तेवढाच संवेग आठपट पाण्यात वाटला गेला, म्हणून उरलेला वेग आठवा हिस्सा. आणखी चौपट काळ गेला, तरी पुन्हा आठवाच हिस्सा! लांजव्हँच्या जुन्या सूत्रात मात्र विसरण्याच्या काळाच्या (वेग साधारण 37 टक्क्यांवर यायला लागणाऱ्या काळाच्या) चौपटीपासून सोळापटीपर्यंत जाताना वेग दीड लाखाव्या हिश्शाच्याही खाली जातो. आज आणि मागच्या वेगातल्या या नात्याला सहसंबंध म्हणतात, आणि काळाच्या उणे दीडाव्या घाताने विरणाऱ्या त्याच्या भागाला 'लांब शेपूट'.

ही शेपूट ऑल्डर आणि वेनराइट या भौतिकशास्त्रज्ञांना संगणकात सापडली. रेणूंच्या जागी कडक गोळ्या धरून त्यांच्या टकरा मोजताना सहसंबंध अपेक्षेपेक्षा रेंगाळतोय हे त्यांना दिसलं. 1970 च्या निबंधात त्यांनी भोवऱ्याचं चित्रही दाखवलं. सपाट, दोन मितींच्या द्रवात तर शेपूट काळाच्या व्यस्त प्रमाणातच घटते. सगळ्या काळातली तिची बेरीज अनंताकडे जाते आणि विसरण गुणांक, म्हणजे कण किती भराभर पसरतात हे सांगणारा नेहमीचा आकडाच, निश्चित राहत नाही. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर अडचण वाटते.

साधारण 1 मायक्रोमीटरच्या मण्याभोवतीचा भोवरा मण्याच्या आकाराएवढा पसरायला मायक्रोसेकंदाच्या आसपास वेळ लागतो, म्हणून प्रत्यक्ष मोजमाप फार अवघड होतं. 2011 साली लेझरच्या चिमट्यात धरलेल्या सूक्ष्म मण्यांच्या थरथरीत संशोधकांना पाण्याने परत दिलेला हा रेटा स्पष्ट दिसला.