सात लिटर, तीन लिटर आणि नागपूरचा मे

मसल कारचा, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या अमेरिकन गाडीचा, विषय निघाला की नागपूरच्या फुटाळा तलावावर कोणीतरी म्हणतंच, "सात लिटरचं इंजिन आहे बे, तीन लिटरवाल्याचं काय सांगून राह्यला!" 1970 च्या डॉज चॅलेंजरमध्ये मिळणारं 426 हेमी हे इंजिन खरोखर 7 लिटरचं, 425 अश्वशक्तीचं. 2019 च्या पोर्शे 911 कॅरेराचं 3 लिटरचं, 380 च्या आसपास. त्यातही हेमीचे 425 फुगवलेले. तेव्हा अमेरिकेत इंजिन गाडीबाहेर काढून, एअर फिल्टर-सायलेन्सरविना मोजत. 1972 पासून सगळं जोडून मोजलेले आकडे छापायला लागले आणि ते धाडकन उतरले.

पण खरी गंमत हवेत आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. फोर-स्ट्रोक इंजिन आपल्या दांड्याच्या दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. म्हणजे हेमी फेरीला साडेतीन लिटर हवा ओढतं, 5000 फेऱ्यांना मिनिटाला 17,500 लिटर. पोर्शेचं दीड लिटर गुणिले 6500, म्हणजे 9,750. इथवर फुटाळा जिंकला.

आता पोर्शेचा टर्बो. एरवी वाया जाणारा धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून आत ढकलतं. समजा दाब दुप्पट केला. पण दाबलेली हवा तापते. किती? केल्विनमधलं तापमान गुणिले दाबाच्या गुणोत्तराचा 0.286 वा घात. 45 अंशांची, म्हणजे 318 केल्विनची हवा 388 वर जाते. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 75 टक्के धरली तर 411 वर. म्हणजे 138 अंश सेल्सिअस! तापलेली हवा विरळ, शिवाय नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून इंजिन ठोकायला लागण्याचा, धोका. म्हणून मध्ये इंटरकूलर, हवा गार करणारा रेडिएटर. त्याने 60 अंशांवर आणली की तीच हवा 23 टक्के दाट होते, आणि हिशेब मिनिटाला साध्या हवेच्या 18,600 लिटरवर जातो. लहान इंजिन पुढे!

25 अंशांची हवा 45 वर गेली की सहा टक्के विरळ होते. हेमीकडे याला इलाज नाही. टर्बो थोडा जास्त फिरून बरीच तूट भरून काढतो, नॉकिंग सुरू झालं तर संगणक ठिणगी उशिरा टाकतो. (नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला म्हणून गाडी बाहेर न काढणारे आहेत. सूर्य रोहिणीत गेल्याचं इंजिनाला कळत नाही, थर्मामीटर बघा. आणि नॉकिंगला सहज दाद न देणारं 100 ऑक्टेनचं पेट्रोल टाकून साध्या इंजिनाची ताकद वाढत नाही, फक्त खिसा हलका होतो.)

जुन्या गाडीचं खरं दुखणं वेगळंच. तिचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला, टाकीतून पेट्रोल ओढणारा. पेट्रोलचे हलके घटक 40 अंशांच्या आसपासच उकळायला लागतात, नळीत वाफ होते आणि पंप नुसती वाफच ओढत बसतो. नव्या गाडीचा पंप टाकीतच बुडालेला, तो पेट्रोल दाबाने ढकलतो. दाब वाढला की उत्कलनबिंदूही वाढतो. वर्धा रोडच्या सिग्नलवर भर दुपारी हेमी बंद पडलीच, तर उपाय अ‍ॅम्बेसेडरवाल्यांचाच: बॉनेट उघडा आणि पंपावर ओलं फडकं टाका.