बंद झाले ते रोखे, कंपन्यांच्या देणग्या नव्हेत

यवतमाळ-वर्ध्याकडे पारावर आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर २०२४ पासून एक वाक्य फिरतंय: "सुप्रीम कोर्टानं कंपन्यांच्या देणग्याच बंद केल्या." हे खरं नाही.

१५ फेब्रुवारी २०२४ ला कोर्टानं रद्द केले ते निवडणूक रोखे, म्हणजे बँकेतून विकत घेऊन नाव न सांगता पक्षाला देणगी द्यायचे कागद. कोणी कोणत्या पक्षाला किती दिले हे मतदारापासून लपत होतं, ते घटनाबाह्य ठरलं. कंपनी आजही चेकनं किंवा इलेक्टोरल ट्रस्टमार्फत (देणग्या गोळा करून पक्षांना वाटणारी संस्था) पक्षाला पैसे देऊ शकते. तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा २०१७ मध्ये उठवली होती, ती याच निकालानं परत आली. २० हजारांवरच्या देणगीदारांची नावं पक्षांनी निवडणूक आयोगाला द्यायची असतात. ती आयोगाच्या वेबसाइटवर येतात, जरूर वाचा.

मला मात्र जास्त घोर लागतो तो लॉबिंगचा, म्हणजे सरकारी निर्णय आपल्या बाजूनं व्हावा म्हणून उद्योग लावतात त्या जोराचा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं, मग मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. कापड उद्योगाची ही उघड मागणी होती. अमेरिकेच्या टॅरिफनं तोही अडचणीत होता, हे मान्य. पण इकडे पऱ्हाटी अजून पात्या-फुलांवर होती. पहिला वेचा घरात यायच्या आधीच बाहेरच्या कापसाला दार उघडलं, आणि ऐन विक्रीचे महिने त्यातच गेले. अशा निर्णयाआधी कोण कोणाला भेटलं, याची जाहीर नोंद ठेवायला लावणारा लॉबिंगचा कायदा भारतात नाही. देणग्यांच्या यादीत हे सापडणार नाही.