स्थानिक प्रतिक्रिया म्हणजे लोकल अँगल नव्हे

जगात कुठे मोठी घटना घडली की जिल्ह्याच्या बातमीदाराला ‘लोकल अँगल आण’ असे सांगितले जाते आणि पुष्कळदा तो चार जणांच्या प्रतिक्रिया घेऊन परततो. दोन्हींत गावाचे नाव आणि ओळखीची माणसे असल्याने गल्लत होते. परंतु प्रतिक्रिया घटनेविषयी येथील माणसाला काय वाटते ते सांगते, तर अँगल ती घटना येथील व्यवहारापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचली ते दाखवतो.

नाशिककरांना २०२३-२४ चा हिवाळा आठवत असेल. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधील हुथी बंडखोर तांबड्या समुद्रात मालवाहू जहाजांवर हल्ले करू लागले आणि डिसेंबरात बड्या जहाज कंपन्यांनी सुएझ कालवा टाळून आफ्रिकेला वळसा घालणारा मार्ग धरला. त्यावर एखाद्या पुढाऱ्याचे मत छापणे ही प्रतिक्रिया झाली. अँगल निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत होता. युरोपची निर्यात साधारण जानेवारी ते एप्रिल चालते. माल शीत कंटेनरमधून न्हावा शेवा बंदरातून जातो. प्रवासात १० ते १४ दिवसांची भर पडली की भाडे वाढते, फळाचे टिकण्याचे दिवस मात्र वाढत नाहीत. हा भार निर्यातदाराने सोसला की बागेवरच्या दरातून कापला, हे त्याच्या भाड्याच्या बिलावरून आणि बागायतदाराच्या हिशोबपट्टीवरून पडताळून लिहिले, तरच अँगल पूर्ण होतो.

त्याच हिवाळ्यात लासलगावला कांद्याचे भाव कोसळले होते. ‘समुद्रातल्या हल्ल्यांमुळे भाव पडले’ असे सांगणारा कुणी बाजार समितीत भेटला असता, तर त्याचे म्हणणे त्याच्या नावाने छापणे चुकीचे ठरले नसते. तेच कारण म्हणून बातमीच्या मथळ्यात नेणे मात्र चूक ठरले असते. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवरच बंदी घातली होती, ती ४ मे २०२४ रोजी उठली, आणि मधल्या काळात सरकारी परवानगीने काही देशांना दिलेला मर्यादित कोटा सोडला तर कांदा देशाबाहेर जातच नव्हता. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो, कारण भावघसरणीचे खापर दूरच्या समुद्रावर फुटले की शेतकऱ्याने दाद कोणाकडे मागायची तेच बातमीतून पुसले जाते.

प्रतिक्रिया टाकाऊ नाही. परदेशात अडकलेल्या नाशिकच्या विद्यार्थ्याचे बोलणे तर प्रत्यक्षदर्शीची साक्षच असते, आणि ती तशीच तपासून घ्यावी लागते.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुणांनी पुढाऱ्यांच्या क्रमांकांबरोबरच निर्यातदार, शीतगृहचालक आणि बंदरावर कागदपत्रे पाहणाऱ्या कस्टम एजंटांशी ओळख ठेवावी, तसेच बाजार समितीचे रोजचे आवक-भावाचे आकडे हंगामभर स्वतः टिपून ठेवावेत. पुढचा अँगल शोधताना आधीचा भाव काय होता, हे त्या वहीतच सापडेल.